कूलरसमोर वाळलेल्या काचा

माझे पेशंट माझ्याकडे काचेवर येतात. बोटभर लांबीची काच, तिच्यावर पेन्सिलने लिहिलेला नंबर आणि पुसटसा डाग. चेहरा बहुतेक वेळा दिसत नाही आणि खरं सांगायचं तर मला त्याची फारशी गरजही पडत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अकोल्याला जठारपेठेत, एका साड्यांच्या दुकानाच्या वर माझी लॅब आहे. माहेर अमरावतीचं. तिकडच्या लग्नाकार्यात एक मामा दरवेळी तेच विचारतात.

"तुमी डॉक्टर हा म्हंता, मंग इंजेक्शन देता का?"

"नाही, मामा."

"ऑपरेशन करता?"

"नाही."

"मंग दिवसभर करता काय?"

"पाहते."

मामांना हे उत्तर अजून पटलेलं नाही. पण दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावून मी दिवसभर पाहते. या कामाला हुशारी लागते त्यापेक्षा चौकसपणा जास्त लागतो. समोर दिसतंय ते असं का दिसतंय, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने दुसरा धंदा पाहावा.

माझ्याकडच्या काचांपैकी बऱ्याच असतात पॅप तपासणीच्या. आपल्याकडे गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. या पिशवीचं तोंड खाली योनिमार्गात उघडतं. त्या तोंडावर बाहेरची आणि आतली अशा दोन प्रकारच्या त्वचा एकमेकींना भेटतात आणि बिघाड सुरू व्हायचा असला तर तो बहुधा या सांध्यावरच होतो. डॉक्टर तिथून छोट्या ब्रशने किंवा चपट्या काडीने पेशी पुसून घेतात, काचेवर सारवतात आणि काच तशीच ओली स्पिरिटमध्ये बुडवतात. फार दुखत नाही. लाज वाटते, पण ती टेबलावरून उतरेपर्यंतच.

मग आम्ही ती काच रंगवतो. निरोगी पेशी दिसते पापडासारखी: पातळ, पसरट, कडेला थोडी दुमडलेली. मधोमध मोहरी चिकटावी तसं तिचं केंद्र. बिघाड सुरू झाला की मोहरीची तूर होते. केंद्र मोठं, गडद, वेडंवाकडं होतं आणि पापड लहान होत जातो. बस, एवढंच पाहायचं असतं. फक्त हजारो पापडांमधली ती एखादी तूर शोधायची असते.

ती सापडली की आम्ही रिपोर्टमध्ये 'असामान्य पेशी' असं लिहितो आणि घरोघरी रडारड सुरू होते. असामान्य म्हणजे कॅन्सर नव्हे. निरोगी पेशी आणि कॅन्सर यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत. बहुतेक बिघाडामागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास असतो की त्यावरून कोणाच्या वागणुकीचा पंचनामा करायचं कारण नाही. बहुतेकींचं शरीर त्याला आपसूक हाकलून देतं. काहींच्या शरीरात मात्र तो मुक्काम ठोकतो. तिथूनही कॅन्सरपर्यंत पोचायला सहसा वर्षानुवर्षं लागतात. हा हळूपणा आपल्या फायद्याचा आहे. आपण मधेच कुठेतरी त्याला गाठू शकतो.

हे सगळं मी आता सहज लिहिते आहे. सुनंदाच्या घरच्यांना समजावताना मात्र माझी पुरती दमछाक झाली होती.

माझी वर्गमैत्रीण शैला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तिचं हॉस्पिटल आमच्या मागच्याच गल्लीत. काही वर्षांपूर्वी, जूनच्या सुरुवातीला तिने तिघांना माझ्याकडे पाठवलं. चांदूर बाजारजवळ संत्र्याची बाग असलेलं कुटुंब. सुनंदा चाळिशीच्या आतबाहेरची. बरोबर तिची मोठी जाऊ कमलबाई आणि नवरा रमेशभाऊ. सोमवारी सुनंदाची पिशवी काढायची ठरली होती. अमरावती सोडून अकोल्याला येण्याचं कारण साधं होतं. कमलबाईंचं माहेर अकोल्याचं, त्यामुळे हॉस्पिटलात डबा पोचवायची सोय होती.

शैलाची एक सवय आहे. दुसरीकडच्या रिपोर्टवर ती हत्यार उचलत नाही. आधी मूळ काच मागवते आणि माझ्याकडे धाडते. रमेशभाऊंनी ती काच अमरावतीच्या लॅबमधून मागून आणली होती. चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळून.

"मॅडम, कॅन्सर हाय का नाई थे सांगा," कमलबाईंनी खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली. "म्या भावाच्या घरी सारं सांगून ठेवलं. गहू पाठवले, तिखट पाठवलं. सोमवार चुकला नाई पाहिजे."

"बाई, त्यायले पाहू तं द्या आधी," सुनंदा म्हणाली.

"पाहू दे ना. म्या का डोळे झाकले त्यायचे?"

अमरावतीला मे महिन्यात महिलांचं एक मोठं आरोग्य शिबिर झालं होतं. सुनंदाला दोन-तीन महिने वेळी-अवेळी रक्त जात होतं म्हणून ती तिथे गेली. रिपोर्टमध्ये लिहून आलं: असामान्य पेशी, पुढील तपासणी आवश्यक. घरी पहिले दोनच शब्द वाचले गेले. ओळखीच्या कोणीतरी सल्ला दिला की मुलं झाली आहेत, आता पिशवी ठेवून काय करायचंय.

मी काच लावली आणि पाहतच राहिले.

सगळ्या पेशींची केंद्रं फुगलेली होती. सगळ्यांची! एकूणएक पापडावर तूर. पण ती गडद नव्हती. फिकट आणि धुरकट, पावसात भिजलेल्या शाईसारखी. रंगही भलतेच चढलेले. जिथे निळसर दिसायचं तिथे लालसर. खरा बिघाड असा सरसकट नसतो. चांगल्या पेशींच्या गर्दीत बिघडलेल्या काही पेशी असतात आणि शेजारची चांगली पेशी पाहूनच बिघडलेली ओळखू येते. इथे तुलना करायला एकही चांगली पेशी शिल्लक नव्हती. असं एकाच कारणाने होतं. काच स्पिरिटमध्ये जायच्या आधी वाळली की पेशी चपटी होऊन पसरते आणि तिच्याबरोबर तिचं केंद्रही पसरतं.

काचेची एखादी कड वाळलेली मी रोज पाहते. पण अख्खी काच इतकी कडकडीत कशी वाळली? हे मला सुटेना. मी बाहेर आले आणि सुनंदालाच विचारलं, "शिबिरात तुमची तपासणी कशी झाली, पहिल्यापासून सांगा."

"काहून? काई चुकलं का माह्यं?"

"नाही हो. खोली कशी होती? टेबल कुठे, काचा कुठे?"

ती जरा गोंधळली, पण तिचं निरीक्षण चांगलं होतं. "शाळेची खोली होती. पडदा लावेल होता. मोठा कूलर होता मॅडम, हा एवढा! बाहीर माणूस भाजून निंघे, आत हीव वाजे. साऱ्या बाया तपासनी झाली तरी उठतच नव्हत्या."

"आणि काचा?"

"त्या बाईनं काच दुसऱ्या मानसाले देल्ली. त्यानं कूलरच्या समोर बाकावर मांडून ठेवल्या, ओळीनं. वाळवनावानी. वाळल्या का मंग बाटलीत टाके."

मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. वाळवणासारख्या, ओळीनं.

नंतर शैला आणि मी अमरावतीला जाऊन त्या गृहस्थांना भेटलो. निवृत्त लॅब टेक्निशियन, अत्यंत टापटीप माणूस, शिबिरात हौसेने मदत करायला आलेले. सारी नोकरी मलेरियाच्या काचा करण्यात गेली होती. रक्ताची काच नीट वाळवूनच घ्यावी लागते, ओली राहिली तर बिघडते. पॅपच्या काचेचं नेमकं उलटं आहे. त्यांनी आळस केला नव्हता. उलट आयुष्यभर शिकलेलं काम मनापासून केलं होतं. म्हणाले, "ओली काच बाटलीत टाकाची म्हंजे मले कसंसंच वाटे, मॅडम. वाटे, ह्या पोरींनी घाई केली." आम्ही त्यांना नीट दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "पन ओली काहून?" मला तो माणूस आवडला.

मग राहिला प्रश्न रक्त जाण्याचा. तो काचेवर सुटत नाही, त्यासाठी बाईशी बोलावं लागतं. शैलाने सोनोग्राफी केली, त्यात काही नव्हतं. मग तिने औषधांबद्दल विचारलं. सुनंदा म्हणाली, औषध काहीच चालू नाही. शैलाही वऱ्हाडातलीच. तिने प्रश्न बदलला.

"पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या?"

"त्या तं घेतल्या ना. त्या का औषध हायेत?"

फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न, तेव्हा घेतल्या. मग देवदर्शनाची ट्रिप, तेव्हा घेतल्या. मग गावात भागवत सप्ताह, घरी रोज पंगत, तेव्हाही घेतल्या. मेडिकलमधून आणल्या होत्या. डॉक्टरला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मधेच विसरली, मधेच दुप्पट घेतली.

"म्याच आणून देल्ल्या," कमलबाई ठसक्यात म्हणाल्या. "घरात लगन आन हे बाजूले बसन, तं पाहुण्यायले वाढन कोन? तुमी येसान का?"

"मी येईन," शैला म्हणाली, "पण माझी भाजी तुमच्या पाहुण्यांना चालणार नाही."

सुनंदा पहिल्यांदा हसली. कमलबाईंना हसायचं नव्हतं, पण त्यांचाही ओठ हलला.

रक्त जाण्याचं कारण बहुधा त्या गोळ्यांतच होतं. एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. अवेळी रक्त जात असेल, संबंधानंतर जात असेल, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला असेल, तर पॅपचा रिपोर्ट चांगला असला तरी डॉक्टरला दाखवायचंच. आपल्या आपण कारण ठरवून मोकळं व्हायचं नाही.

सोमवार रद्द झाला. कमलबाई गव्हासकट रुसल्या. शैलाने गोळ्या बंद केल्या आणि रक्त थांबल्यावर नवा नमुना घ्यायचं ठरवलं. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत काही औषध नको आणि मुख्य म्हणजे तुरटीच्या पाण्याने धुणं नको. आमच्याकडच्या बायका तपासणीला यायचं म्हणून तुरटीच्या पाण्याने आतून स्वच्छ होऊन येतात आणि आम्हाला जे हवं तेच धुऊन टाकतात.

दुसरी काच आली. ओली असतानाच स्पिरिटमध्ये बुडवलेली, सुरेख. पातळ पापड, बारीक मोहऱ्या. मी एका कडेपासून ओळीने पाहत गेले. माझी खात्री झाली होती की हे सगळं कूलरचंच प्रकरण आहे. आणि काचेच्या एका कोपऱ्यात मला एक छोटा पुंजका दिसला. केंद्रं फुगलेली, गडद, कडा सुरकुतलेल्या. भोवती रिकामं पांढरं कडं. ही खरी तूर होती. विषाणूने केलेला, पहिल्या पायरीवरचा बिघाड.

मी मागे टेकून बसले. म्हणजे पहिला रिपोर्ट वाळलेल्या काचेमुळे भलताच दिसला होता आणि तरी त्या पेशींत काहीतरी होतंच! पहिल्या काचेवर हा पुंजका असेलही, पण सगळेच फुगलेले असताना तो वेगळा दिसणार कसा? हे असं मला इतक्या वर्षांच्या कामात क्वचितच पाहायला मिळालं.

शैलाने दुर्बिणीतून पिशवीचं तोंड तपासलं. शंका आली तिथला कणभर तुकडा घेतला, तोही माझ्याकडेच आला. सौम्य बिघाड, पहिलीच पायरी. अशा वेळी काढायचं काही नसतं. वर्षाने पुन्हा तपासायचं. बहुतेकींचं आपोआप बरं होतं, नाही झालं आणि वरच्या पायरीवर गेलं तर तेवढाच भाग छोट्या उपचाराने काढता येतो. पिशवी तेव्हाही वाचते.

शैलाने तिघांना माझ्याकडे आणून बसवलं आणि आम्ही दोघींनी हे सांगितलं. रमेशभाऊ तोवर फारसे बोलले नव्हते. आता ते खुर्चीवरून पुढे झुकले.

"म्हंजे खराब पेशी हायेतच."

"आहेत. पण कॅन्सर नाही."

"आज नाई. उद्या?"

"म्हणूनच वर्षाने पाहायचं."

"माही मोठी बहीन याच्यातच गेली, मॅडम. तिच्या बाबतीतही सारे पाहूच म्हनत होते. पाहू पाहू करता करता..."

मग कमलबाई बोलल्या, या वेळी आवाज न चढवता. "म्या केलं तिचं. शेवटी तिच्या जवळ कोनी बसे नाई, वास ये म्हनून. म्या बसे. तिचे कपडे म्या धुतले. म्हनून म्हनतो, काढून टाका. मले पुन्हा थे पाह्याचं नाई."

आता मला कळलं की गहू आणि तिखट का पाठवलं होतं. ही माणसं अडाणीपणाने हट्ट करत नव्हती, घाबरून करत होती. आणि घाबरायला त्यांच्याकडे कारण होतं. मी विचारलं, "त्यांची अशी तपासणी कधी झाली होती?"

"कायची तपासनी?" रमेशभाऊ म्हणाले. "तिनं आधी कोनाले सांगतलंच नाई, सांगतलं तं सारे पाहू म्हने. मोप दिवस अंगावर काढलं. दाखवलं तवा डॉक्टर म्हने, फार उशीर झाला."

"मग त्यांचं कोणी पाहिलंच नव्हतं, भाऊ. 'पाहू' म्हणून पुढे ढकलणं वेगळं आणि पाहणं वेगळं. यांचं आम्ही पाहिलंय. कुठे आहे, केवढं आहे, सगळं माहीत आहे."

रमेशभाऊंनी शैलाकडे पाहिलं, कमलबाईंकडे पाहिलं. "काय करावं, वहिनी?"

"मले इचारा ना कोनी," सुनंदा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती माझ्याकडे पाहत होती. "मॅडम, त्या पेशी मले दाखवता का?"

मी सहसा दाखवत नाही. लोकांना त्यातलं काही कळत नाही आणि उगाच भीती वाटते. पण तिने कूलरसमोरच्या काचा मला इतक्या नीट सांगितल्या होत्या, मग तिला नाही कोणत्या तोंडाने म्हणू? मी काच लावली, तिला स्टुलावर बसवलं. बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती आणखी पुढे वाकली.

"अवो माय! ह्या साऱ्या माह्याच?"

"सगळ्या तुमच्या."

"लय हायेत!" आणि मग, "यातल्या खराब कोनत्या?"

मी भिंगातला बाण त्या पुंजक्यावर आणून दिला. तिने पाहिलं. काच हळूहळू सरकवायला सांगितली. डावीकडे, वर, आणखी वर. सगळीकडे साध्या पातळ पेशी, पापडांची अख्खी गच्ची. पुन्हा कोपऱ्यातला तो पुंजका. पुन्हा बाकीच्या.

"ह्या जित्या हायेत का मेल्या?"

असा प्रश्न मला विद्यार्थ्यांनीही विचारला नव्हता. "मेलेल्या. स्पिरिटमध्ये पडल्या त्या क्षणी होत्या तशा राहिल्या."

"आन आत ज्या हायेत त्या बदलत असन?"

"रोज. जुन्या गळतात, नव्या येतात."

ती उठली, पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, "एवढुशा कोपऱ्यासाठी सारं काढाचं नाई मले. सालभर थांबतो. पन मी येईन बरं, तुमी नका म्हनजान का बागेले पानी देनं हाय."

"तू पाह्यलं, तुले समजलं?" रमेशभाऊंनी विचारलं.

"तुमी पाहा ना. स्टूल रिकामाच हाय."

त्यांनी पाहिलं नाही. पण हट्टही सोडला. गहू मात्र कमलबाईंनी भावाकडून परत मागितले, हे मला शैलाकडून कळलं.

त्या शिबिरातल्या बाकीच्या काचांचं काय, हे विचाराल. आयोजकांनी आमचं ऐकलं आणि बायकांना पुन्हा बोलवायचं ठरवलं. पण दिलेले फोन नंबर नवऱ्यांचे, दिरांचे, शेजाऱ्यांचे. निरोप पोचेना. चांदूर बाजारच्या बाजूच्या बायकांना सुनंदा आणि कमलबाईंनी घरी जाऊन गाठलं. कमलबाई काय बोलल्या असतील याची मी कल्पना करू शकते. बऱ्याच जणी आल्या आणि बहुतेकींच्या काचा निर्मळ निघाल्या. काहींच्या पिशव्या मात्र तोवर निघून गेल्या होत्या. त्यांतल्या कोणाला गरज होती आणि कोणाला नव्हती, हे आता कोणीच सांगू शकत नाही. याची रुखरुख अजून आहे.

आता शैला प्रत्येक शिबिराच्या आधी पंखा कुठे आहे, कूलरचं तोंड कुठे आहे ते स्वतः पाहून येते. अलीकडे काही ठिकाणी थेट विषाणूची तपासणी होते, तिथे वाळण्याची भानगड नाही. मुलींसाठी लस आहे, ती वयात येण्याच्या सुमाराला द्यायची. सुनंदाच्या मुलीला दिली. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

वर्षाने सुनंदा आली. बागेला पाणी द्यायचे दिवस होते तरी आली. शैलाने नमुना घेतला, विषाणूची तपासणीही केली. काच माझ्या टेबलावर आली तेव्हा मी ती एरवीपेक्षा जास्त वेळ पाहिली, दोन्ही दिशांनी. विषाणू निघाला नाही. काचेवर मोहऱ्याच मोहऱ्या, तूर एकही नाही. मी स्वतः फोन केला.

"म्हंजे काईच नाई?"

"काहीच नाही."

मला वाटलं, आता ही रडणार. पण तिला वेगळाच प्रश्न पडला होता.

"मंग त्या गेल्या कुठं, मॅडम? म्या तं डोळ्यानं पाह्यल्या होत्या."

"गळून पडल्या. तुमच्या शरीरानेच त्यांना घालवलं."

"आन माह्या ननंदेच्या काहून नाई गेल्या?"

मी विषाणूचे प्रकार सांगितले, प्रतिकारशक्ती सांगितली, न झालेली तपासणी सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"थे समजलं. पन दोघींले सारखंच झालं असन, आन दोघींचीही तपासनी नसन झाली, तं एकीच्या जातात आन एकीच्या राहतात, असं काहून?"

"ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "अजून तरी कोणालाच पुरतं माहीत नाही."

"हौ का?" ती म्हणाली. "मंग पाहा ना तुमी."